ढग सुंदर दिसले म्हणून कल्चर शुद्ध असतं असं नाही

इस्लामपूरजवळच्या एका शेतकरी मित्राचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: “तीन वर्षं धिंगरीचे (शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या खायच्या अळिंबीचे, म्हणजे एका बुरशीचे) काडाचे बेड भरतोय, स्पॉन (गव्हावर वाढवलेलं तिचं बियाणं) बाहेरून आणतो. या वेळी घरीच लिक्विड कल्चर (गोड द्रावणात वाढवलेले धिंगरीचे धागे) करून स्पॉन बनवायचं ठरवलं. मध घालून अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या केल्या आणि धिंगरीचा तुकडा टाकला. पहिली बाटली चौथ्या दिवशी ताकासारखी झाली. दुसरीच्या तळाशी पांढरा गाळ आहे, तो कल्चर आहे की आणखी काही, ते समजत नाही. तिसरी मात्र एकदम सुरेख, आत पांढरे ढग. ती गव्हावर मारली तर सहाव्या दिवशी गहू चिकट आणि आंबट. चूक कुठे झाली? आणि कुकरला नक्की किती शिट्ट्या करायच्या?”

शिट्ट्यांपासूनच सुरुवात करतो, कारण हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. शिट्ट्या मोजू नका. शिट्टी किती वेळाने वाजते हे गॅस किती मोठा आहे, कुकर किती भरलाय आणि रबर किती जुनं आहे यावर ठरतं. तुमच्या चार शिट्ट्या म्हणजे दहा मिनिटं असतील, माझ्या चार म्हणजे पंचवीस. डाळीला चालतं ते. इथे मिनिटं मोजायची.

घरच्या कुकरच्या शिट्टीचं वजन साधारण चौरस सेंटिमीटरला १ किलो दाबावर उचललं जातं, म्हणजे चौरस इंचाला १५ पौंडांच्या जवळपास. समुद्रसपाटीला त्या दाबात आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. पुण्याच्या उंचीवर एखादा अंश कमी, महाबळेश्वरला दोन-अडीच अंश कमी. तिकडच्यांनी पाच-सात मिनिटं वाढवावीत. झाकण लावल्यावर लगेच वजन ठेवू नका. वाफेचा जोरदार झोत सुरू झाला की सात-आठ मिनिटं तशीच जाऊ द्या. कुकरात हवा अडकून राहिली तर वजन उचललं जातं, शिट्टीही वाजते, पण तापमान तिथवर पोचलेलं नसतं. मग वजन ठेवायचं, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा, वजन नुसतं सुस्कारत राहील इतका, आणि तिथून घड्याळ लावायचं. ३०० मिली द्रावणाच्या बाटल्यांना २५ मिनिटं पुरतात. चाळीसच्या पुढे गेलात तर साखर करपून द्रावण तपकिरी होतं आणि बुरशीला ते मानवत नाही.

नुसत्या उकळत्या पाण्यात बाटल्या ठेवून का चालत नाही, असंही पुष्कळ जण विचारतात. बॅसिलस जातीचे जीवाणू परिस्थिती वाईट झाली की स्वतःभोवती टणक कवच करून बसतात. ती कवचं १०० अंशांना तासभर उकळूनही जिवंत राहतात आणि द्रावण थंड झालं की उगवतात. गव्हाच्या दाण्यावर ती आधीपासूनच असतात. तुमच्या आंबट गव्हामागे बहुधा हीच मंडळी आहेत. फक्त ती गव्हातून आली की बाटलीतून, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर आज तुम्ही देऊ शकत नाही, मीही देऊ शकत नाही. कारण तुम्ही कोरी बरणी ठेवली नाहीत.

कोरी बरणी म्हणजे त्याच गव्हाची, त्याच कुकरातून त्याच वेळी काढलेली, पण कल्चर न घातलेली एक बरणी. ती बाकीच्यांशेजारी ठेवून द्यायची. आठवड्याने कोरीही आंबली तर दोष गव्हात किंवा कुकरात. कोरी ठणठणीत आणि कल्चर घातलेल्या तेवढ्या आंबल्या, तर दोष कल्चरमध्ये किंवा ते घालताना हात चुकला. एका बरणीचा खर्च तो काय, मूठभर गहू. माझ्याकडे आजही दर लॉटला एक कोरी असते, आणि नवीन मुलगा कामाला आला की त्याला ती ‘वाया गेलेली’ बरणी वाटते.

तुमच्या बाबतीत माझा संशय मात्र दोन्हीकडे आहे. द्रावणाइतकाच वेळ तुम्ही गव्हालाही दिला असणार. अर्धा किलो गव्हाच्या बरणीच्या मध्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो; तिला त्याच दाबावर दीड तास तरी हवा. घरच्या कुकरात दीड तास म्हणजे पाणी आटायची भीती, म्हणून तळाशी जाळी ठेवून पाणी भरपूर घ्या, कुकर मोठा वापरा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसवून घ्या.

आता बाटल्यांकडे येऊ.

पहिलीचा विचार करू नका. ताकासारखी एकसारखी गढूळ म्हणजे जीवाणू. झाकण न उघडता कुकरात अर्धा तास शिजवा आणि मग मोरीत ओता.

दुसरीचा गाळ कसला, हे बाटली हलवून बघा. हळूच गोल फिरवली की बुरशी धाग्याधाग्याने वर येते, कापसाच्या पेळूचा तुकडा पाण्यात सोडल्यासारखी, कडा विसविशीत. यीस्ट असेल तर बारीक धुरळा उडाल्यासारखं होऊन सगळं पाणी दुधाळ होतं. बोअरचं जड पाणी वापरलं असेल तर उकळल्यावर चुना खाली बसतो, तोही पांढराच. पण तो वाळूसारखा पटकन तळ गाठतो आणि तुकडा टाकायच्या आधीपासून तिथे असतो. मधातली प्रथिनंही शिजल्यावर थोडी साकळतात. हा घोळ टाळायला मी बाटल्या शिजवल्यावर चार दिवस तशाच ठेवतो. चार दिवसांत काही उगवलं तर निर्जंतुकीकरण फसलं. नाही उगवलं, तर तळाशी जे काही बसलंय ते निरुपद्रवी आहे हे कळतं, आणि मगच कल्चर घालायचं. बोअरऐवजी फिल्टरचं पाणी घेतलंत तर चुन्याचा प्रश्नच मिटेल.

तिसरी बाटली सगळ्यात धोक्याची, कारण ती सुंदर आहे.

द्रावणात मिलिलिटरमागे साधारण १ कोटी जीवाणू होईपर्यंत ते आपल्या डोळ्यांना गढूळ वाटत नाही. म्हणजे त्याचा दहावा हिस्सा, दहा लाख असले तरी बाटली काचेसारखी स्वच्छ. त्यातले तीन मिली तुम्ही गव्हात सोडलेत की तीस लाख पाहुणे एकदम पंगतीला बसले. गव्हात भरपूर स्टार्च, ओल आणि ऊब. बुरशीचा धागा दिवसाला मिलिमीटरांत पुढे सरकतो, जीवाणू तासाभरात दुप्पट होतात. या शर्यतीत धिंगरी हरते.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी, गणपतीच्या तोंडावर, माझ्याकडे दोन लिटरची एक बाटली अशीच देखणी झाली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला उजेडासमोर धरून दाखवायचो. तिच्यातून गव्हाच्या छत्तीस पिशव्या भरल्या. नवव्या दिवशी छत्तीसच्या छत्तीस पिशव्यांत दाण्यांभोवती ओलसर, राखाडी चिकटा आणि शिळ्या भाताचा वास. पिशव्या गेल्या त्यापेक्षा ज्यांना स्पॉन कबूल केलं होतं त्यांचे फोन घेणं जास्त जड गेलं. बाटलीतलं उरलेलं द्रावण तेव्हा अगरवर (प्लेटमध्ये ओतून थिजवलेल्या जेलीसारख्या माध्यमावर) टाकलं, तर तिसऱ्या दिवशी धाग्यांच्या कडेने मेणचट पिवळसर ठिपके. हीच चाचणी आधी केली असती तर एक प्लेट लागली असती.

म्हणून माझ्याकडचा नियम असा, की डोळ्याला आवडलेली बाटलीही अगर प्लेटवर पास झाल्याशिवाय गव्हाला लागत नाही. लिक्विड कल्चरचा सगळा फायदा वेगात आहे. एका बाटलीत हजारो तुटके धागे असतात, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे रुजतो, त्यामुळे गहू एकाच वेळी शंभर ठिकाणांहून पांढरा व्हायला लागतो. पण हाच वेग घाणीलाही मिळतो. अगरवर वाईट ठिपका एका कोपऱ्यात दिसतो, तुम्ही चांगला कोपरा कापून घेऊ शकता. बाटलीत कोपरा नसतो.

आपल्याकडे बायका विरजण लावतात तेव्हा असली चाचणी करत नाहीत, मग इथेच एवढं सोवळं कशाला, असं माझ्या आईने एकदा विचारलं होतं. प्रश्न बरोबर होता. विरजणातले जीवाणू दूध आंबट करतात आणि त्या आंबटपणात बाकीच्यांचं फारसं चालत नाही. दही स्वतःची राखण स्वतः करतं. धिंगरीला कोवळ्या वयात तसलं हत्यार नाही. गोड पाण्यात ती एकटी असेल तरच वाढते.

आता पुन्हा करताना कसं कराल ते सांगतो.

द्रावण पातळच हवं. १ लिटर पाण्याला ४० ग्रॅम मध, किंवा २० ते ३० ग्रॅम मेडिकलमधली ग्लुकोज पावडर, किंवा फिक्या रंगाचं माल्ट एक्स्ट्रॅक्ट ३० ग्रॅम. जास्त गोड केलं तर जास्त जोमाने वाढेल हा गैरसमज आहे; साखर वाढली की धाग्यांना पाणी शोषायलाच जड जातं. मला स्वतःला बटाट्याचं पाणी आवडतं. २०० ग्रॅम बटाटे सोलून, फोडी करून लिटरभर पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायचे, न कुस्करता पाणी मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळायचं, कमी झालेलं पाणी पुन्हा लिटरभर करून २० ग्रॅम ग्लुकोज घालायचं. याच पाण्यात १५ ते २० ग्रॅम अगर पावडर घातली की प्लेटचं माध्यम तयार. नाचणीचं सत्त्व, तांदळाची पेज असले प्रयोग करू नका. पौष्टिक असतील, पण द्रावण आधीच गढूळ असेल तर तुम्हाला दिसणार काय?

बाटली अर्ध्याच्या थोडी वर भरा. आत दोन-तीन काचेच्या गोट्या टाका, लहान मुलांच्या असतात त्याच. कल्चर वाढायला लागलं की रोज एकदा बाटली गोल फिरवली की गोट्या धाग्यांचे गोळे फोडतात. न फोडलेलं कल्चर जेलीसारखा एकच लगदा होतं आणि इंजेक्शनच्या सुईतून येत नाही. चुंबकावर फिरणारं यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर गोट्यांनी काही बिघडत नाही.

झाकणाला दोन भोकं. एकावर गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारं, इंजिनाला लावतात ते उष्णता सोसणारं लाल सिलिकॉन थापून चोवीस तास वाळवायचं; सुई त्यातून जाते आणि काढल्यावर भोक मिटतं. दुसऱ्यात ०.२२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर, किंवा ते नको असेल तर पाणी न शोषणारा कापूस घट्ट कोंबून वर मायक्रोपोर टेप. जखमेला लावायचा पांढरा कापूस इथे चालत नाही, तो ओल धरतो.

आणि आता ती जागा, जिथे निम्मे लोक चुकतात. पंचवीस मिनिटं झाली, गॅस बंद केला, की कुकरला हात लावायचा नाही. घाईने वजन उचलून वाफ सोडली तर दाब एकदम उतरतो, बाटलीतलं द्रावण उसळून वर येतं आणि कापूस भिजतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं. पण भिजलेला कापूस म्हणजे जंतूंना आत जायला ओला रस्ता. शिवाय बाटली थंड होताना बाहेरची हवा आत ओढते, ती हवा त्याच कापसातून जाते. मी रात्री शिजवतो आणि कुकर सकाळी उघडतो, तोही पंखा बंद करून.

कल्चर घालायची जागा स्वयंपाकघर नको. तिथे पिठाची धूळ उडत असते, इडलीचं पीठ आंबत असतं, दह्याचं पातेलं असतं. तुमच्या दुसऱ्या बाटलीतलं यीस्ट असेलच तर ते अशाच ठिकाणाहून आलेलं असणार. प्लास्टिकचा मोठा पारदर्शक टब उलटा घाला, समोरून हात जातील अशी दोन गोल भोकं पाडा, झाला तुमचा डबा. आतून साबणाच्या पाण्याने पुसा, सगळं सामान आत ठेवा आणि पंधरा मिनिटं हवा स्थिर होऊ द्या. हात आणि बाटलीचं तोंड ७० टक्के स्पिरिटने पुसा. ९९ टक्के जास्त कडक वाटतं, पण ते पटकन उडून जातं. मारायला थोडं पाणी लागतंच. एक इशारा: डब्यात स्पिरिट फवारून लगेच आत दिवा पेटवू नका. माझ्या उजव्या मनगटावरचे केस एकदा असेच गेलेत, त्याहून वाईट होऊ शकलं असतं. सुई डब्याबाहेर लाल करून आत न्या, किंवा कुकरातून काढलेल्या वेगवेगळ्या सुया वापरा.

तुम्ही धिंगरीचा तुकडा थेट बाटलीत टाकलात, तिथेही जुगार होता. बाजारातली धिंगरी कितीही ताजी दिसली तरी तिच्या अंगावर जीवाणू असतात. तुकडा आधी अगरवर जाऊ द्या. कोवळं फळ निवडा, देठ सुरीने न कापता हाताने उभं फाडा, म्हणजे आतला भाग कशालाही न शिवता उघडा पडतो. तिथला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तापवून गार केलेल्या ब्लेडने उचलून अगरवर ठेवा. २५ अंशांच्या आसपास चार-पाच दिवसांत पांढरा गोल पसरतो. त्याच्या बाहेरच्या कडेचा तुकडा दुसऱ्या प्लेटवर, आणि ती स्वच्छ निघाली तर तिच्यातले दोन-तीन चौकोन बाटलीत. एवढा वेळ नसेल तर शुद्ध कल्चर विकत घ्या. सोलनच्या केंद्रीय अळिंबी संशोधन संचालनालयातून ते मिळतं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी प्रकल्प आहे, तिथे प्रशिक्षणही होतं. मी सुरुवात आणलेल्या कल्चरवरच केली आणि तुकड्याच्या भानगडीत दोन वर्षांनी पडलो.

बाटली २४ ते २८ अंशांत, थेट उन्हाबाहेर ठेवा. तिसऱ्या दिवशी तुकड्याभोवती धुक्यासारखं वलय येतं, आठ-दहा दिवसांत बाटली ढगांनी भरते. ढगांमधलं पाणी पारदर्शक राहायला हवं, मागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. मग चाचणी: एक थेंब अगरवर, पाच दिवस थांबायचं. दुसरीकडे शंभर ग्रॅम गव्हाच्या एका लहान बरणीत एक मिली, शेजारी तिची कोरी जोडीदार. दोन्हीकडे पास झालेली बाटलीच पुढे वापरायची. अर्धा किलो गव्हाला तीन ते पाच मिली पुरतात. जास्त ओतलंत तर तळाला पाणी साचतं आणि आंबायला तेवढंच निमित्त. गहूसुद्धा शिजवल्यावर वरून कोरडा होईपर्यंत निथळायला हवा. दाणा चिमटीत दाबला की मऊ, पण फुटलेला नाही, आणि वर्तमानपत्रावर टाकला तर ओला डाग पडत नाही, इतका. जिप्सम दोन टक्के आणि खडूची पावडर अर्धा टक्का चोळली की दाणे एकमेकांना चिकटत नाहीत.

काही जण बाटली थेट काडावर शिंपडतात, मधला गव्हाचा टप्पा वाचवायला. करू नका. काड आपण निर्जंतुक करत नाही, गरम पाण्याने किंवा औषधाने अर्धवट शुद्ध करतो. त्यात उरलेल्या जीवजंतूंसमोर पातळ गोड पाणी म्हणजे आमंत्रण. गव्हाच्या दाण्यात धिंगरीला स्वतःची शिदोरी असते, तिच्या बळावर ती काडात पाय रोवते.

उरलेली बाटली फ्रिजमध्ये चार अंशांना तीन-चार महिने चांगली राहते. गुलाबी धिंगरी आणि भाताच्या पेंढ्यावरची अळिंबी मात्र फ्रिजात मरतात, त्या उष्ण हवेतल्या आहेत, त्यांना खोलीतल्या गार कोपऱ्यात ठेवा. एका बाटलीतून दुसरी, दुसरीतून तिसरी असं दोन-तीनदाच करा आणि पुन्हा मूळ अगरकडे जा. सतत बाटलीतून बाटली केली की कल्चर थकतं, वाढ विरळ होते, आणि फळ उशिरा येतं. आणि बाटलीवर तारीख लिहा, झाकणावर नाही. झाकणं बदलतात.

गोव्यातून आणि कोकणातून दरवर्षी पावसाळ्यात एक प्रश्न येतो, त्याचं उत्तरही इथेच देतो: वारुळावरची रानअळिंबी बाटलीत वाढवता येईल का? धागे कसेबसे वाढतील, पण त्यातून घरी फळ काढणं जमत नाही. तिचं बिऱ्हाड वाळवीशी बांधलेलं आहे. वाळवीच तिची शेती करते, आणि ते काम आपल्याला अजून साधलेलं नाही.

तर तुम्ही आता असं करा. तिसरी बाटली टाकू नका, तिच्यातला एक थेंब अगरवर टाका. त्याच दिवशी नव्या गव्हाच्या दोन लहान बरण्या दीड तास शिजवा, एकीत त्याच बाटलीतला एक मिली घाला, दुसरी कोरी ठेवा. या हंगामाचं स्पॉन नेहमीप्रमाणे बाहेरूनच आणा, बेड थांबवू नका. सातव्या दिवशी दोन्ही बरण्यांचा वास घ्या आणि कोरीचं काय झालं ते मला कळवा.